पुसून जाणारं पांढरं

आमच्या मुलुंडच्या खोलीत वासांची भांडणं चालायची. एका कोपऱ्यात माझा स्टो, रॉकेलची बाटली, हिंगाची डबी, गावाहून आलेली सुकट. दुसऱ्या कोपऱ्यात मामंजींची चिरुटांची पेटी. मामंजी म्हणजे माझे सासरे. ते म्हणायचे, चिरूट माणसाच्या नाकासारखा असतो, शेजारी जे असेल ते ओढून घेतो. म्हणून पेटी माझ्या स्वयंपाकापासून होईल तितकी लांब, दाराजवळच्या उंच फळीवर असायची. तिथे ऊन पोचत नसे आणि फोडणीही पोचत नसे. फोडणी पोचायची खरं म्हणजे, खोली केवढीशी ती. पण तेवढं ते सोसायचे.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय राहिली नाही. पण त्या पेटीबद्दल तोंडाने मला कधी कोणाला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मामंजींनी सगळी नोकरी फोर्टातल्या एका तंबाखूच्या दुकानात केली. दुकानाचे शेठ पारशी होते. ते गेले आणि मुलांनी दुकान बंद केलं, तेव्हा मामंजी तिथली एक रिकामी पेटी घेऊन घरी आले. देवदाराच्या लाकडाची, झाकण घट्ट बसणारी. पुढे ते स्टेशनजवळच्या पानवाल्याकडून मद्रासकडचे साधे चिरूट आणायचे आणि त्या पेटीत ठेवायचे. आणला की ओढायचा, असं नाही. कोवळा चिरूट घसा खातो म्हणायचे. नवे खाली, जुने वर. महिनोन्महिने पडून राहिलेला एखादा रविवारी दुपारी काढायचे आणि गॅलरीत बसून, खाली मुलं खेळत असायची ती बघत, संध्याकाळपर्यंत पुरवून ओढायचे.

सासऱ्यांशी बोलायचं नाही, असं आईने मला लग्नाआधी बजावलं होतं. समोर गेलं तर पदर, मान खाली, आणि काही सांगायचं तर दुसऱ्याच्या तोंडून. आमच्या गावात तसंच होतं. मुलुंडच्या चाळीत कोणी पाळत नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या सुना सासऱ्यांना "अहो, पाणी गेलं, उठा आता" म्हणून खुशाल ओरडायच्या. पण मला मुळातच कोणाशी बोलायला जड जायचं, त्यामुळे आईने घालून दिलेली रीत मला सोयीची वाटली. अडचण एवढीच होती की दुसरं तोंड घरात नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मूल अजून झालं नव्हतं. हे भांडुपच्या कारखान्यात पाळ्या करायचे. दिवस दिवस घरात मी आणि मामंजी, दोघंच, न बोलता.

मग मामंजींनीच तोड काढली. ते पेटीशी बोलायचे.

"पेटीला चहा हवाय वाटतं," असं म्हणायचे, फळीकडे बघून. मी चहा ठेवायची. "पेटी म्हणते, आज भात जरा मऊ झाला." दुसऱ्या दिवशी मी पाणी कमी घालायची. मला काही सांगायचं असलं तर मी गॅलरीतल्या तुळशीला सांगायची. "तुळशीबाई, रेशनवर साखर आलीय म्हणे." मामंजी पिशवी उचलून निघायचे. शेजारच्या काकू मालवणच्या. त्या दातांना मिश्री लावत दारात बसलेल्या असायच्या आणि हे ऐकून त्यांना हसू आवरायचं नाही. "अगो, वेडो सासरो आणि वेडी सून. एक लाकडाक बोलता, दुसरी झाडाक!"

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक गोंधळ झाला. पावसाळा तोंडावर आला होता. माझ्या डोक्यात आलं, पेटीला दमट लागेल, किडा लागेल, आपण जपायला हवी. म्हणून मी ती कोणाला न विचारता माझ्या लग्नातल्या शालूबरोबर ट्रंकेत ठेवली आणि वर डांबराच्या गोळ्या टाकल्या. आमच्याकडे चांगली वस्तू जपायची म्हणजे तशीच. रविवारी मामंजींनी पेटी शोधली, उघडली आणि नाक मागे घेतलं. यांनी मला रागाने विचारलं, "गोळ्या कोणी टाकल्या?" मी मोरीत जाऊन उभी राहिले. बाहेरून मामंजींचा आवाज आला, "तिला ओरडू नको रे. पेटी आज आंघोळ करून आलीय, एवढंच." त्यांनी त्यातला एक तरीही पेटवला. गॅलरीतून काकू ओरडल्या, "काय ओ भावजी, चिरूट ओढतास की मोरी धुतास?"

त्यानंतर त्यांनी मला पेटी शिकवायला घेतली. माझ्याकडे न बघता, पेटीला सांगितल्यासारखं.

मडकं फुटलं की त्याचं एक खापर घासून घ्यायचं. उकळून गार केलेल्या पाण्यात ते भिजवायचं, बाहेर काढून पुसायचं, टपकायला नको, आणि पेटीच्या कोपऱ्यात ठेवायचं. थंडीत आणि मे महिन्यात. पावसाळा आला की खापर काढून घ्यायचं आणि त्याच्या जागी कोरडे भाजलेले तांदूळ फडक्यात बांधून ठेवायचे. ते तांदूळ ओल पितात. पेटी रोज उघडायची नाही. आणि चिरूट कानाजवळ धरून दोन बोटांत हलकेच फिरवायचा. चांगला असेल तर गप्प बसतो. सुकलेला कुरकुरतो. फार ओला झाला असेल तर दाबल्यावर दबतो आणि परत वर येत नाही. सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं आणि खाली पिवळी पूड सांडलेली दिसली तर आत किडा आहे. तो मला लगेच कळायचा, तांदळातल्या सोंड्यांसारखाच.

"सुकलेल्याची भीती नाही," मामंजी म्हणायचे. "सुकलेला परत येतो. फक्त हळूहळू आणावा लागतो. घाई केली तर फुटतो."

मग एका पावसाळ्यात वरच्या रांगेतल्या चिरुटांवर पांढरं दिसलं. मी घाबरले. तुळशीला म्हटलं, "बुरशी आली वाटतं." मामंजी उठून आले. त्यांनी दोन चिरूट काढून गॅलरीतल्या उजेडात धरले. एकावर पिठासारखं बारीक पांढरं होतं. त्यांनी अंगठ्याने पुसलं, ते गेलं, खालचं पान तुकतुकीत. "हे फूल. शेठ याला फूल म्हणायचे. आतलं तेल वर येतं, माल चांगला असल्याची खूण." दुसऱ्यावर ठिपके होते, जरा निळसर, केसाळ. ते पुसले तरी डाग राहिला. परत पुसलं, तरी राहिला. "हे मात्र आत गेलंय. पुसलं जातं ते बरं. पुसून जात नाही ते वाईट. लक्षात ठेव, पेटी." आणि तो चिरूट त्यांनी मोडून खाली कचऱ्यात टाकला. शेजारचे दोन वेगळे काढले. त्यांच्या तोंडावर तेव्हा चांगला माल टाकून द्यावा लागल्याचं दुःख होतं, दुसरं काही नव्हतं.

त्यानंतर किती पावसाळे गेले ते मी मोजले नाहीत. पेटी पूर्ण माझ्या ताब्यात आली. हे चेष्टा करायचे, "तुला नवरा नको, पेटी दिली असती तरी चाललं असतं." हे स्वतः चिरूट ओढत नसत. कारखान्यात सगळ्यांना असते तशी यांना तंबाखूची सवय होती. तळहातावर चुना लावून मळायची, डाव्या गालात धरायची.

एकदा सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दाढीचा आरसा तिथेच खिळ्याला लावलेला असायचा. मामंजी आरशासमोर उभे होते. एका बोटाने गाल आतून ताणून धरलेला, आणि पंच्याचं टोक आत घालून काहीतरी पुसत होते. पंचा बाहेर काढून बघायचे, परत पुसायचे. मला वाटलं, दातात काही अडकलं असेल. माझी चाहूल लागली तसा त्यांनी आरसा भिंतीकडे फिरवला.

मग जेवण बदललं. "पेटीला हल्ली तिखट सोसत नाही," एकदा म्हणाले. मला हसू आलं. पेटीला कसलं तिखट? मी कालवणात मिरची कमी केली. मग म्हणाले, "पेटी म्हणते भाकरी नको, पेज चालेल." मी पेज करायला लागले. म्हातारपण असं समजले. माझ्या माहेरीही म्हातारी माणसं शेवटी पेजेवरच यायची. बोलणंही कमी झालं होतं. पण आमच्यात बोलणं असं होतंच किती, की कमी झालेलं मला जाणवावं.

गणपती झाले आणि घरात वास यायला लागला. हा आमच्या नेहमीच्या भांडणातला वास नव्हता. सुकटीचा नव्हता, मोरीचा नव्हता. काहीतरी कुजल्याचा होता. मध्येच यायचा, मध्येच जायचा. काकू दारात येऊन नाकाला पदर लावून म्हणाल्या, "काय मेला हा गो तुझ्या घरात? उंदीर बघ, माळ्यार बघ."

यांनी सुट्टीच्या दिवशी अख्खा माळा खाली उतरवला. पितळेची भांडी, जुनी गादी, गणपतीचं मखर, सगळं. उंदीर नव्हता. मी मोरी फिनेलने घासली. फळ्यांमागे हात घालून बघितलं. वास राहिलाच. मामंजी त्या दिवसांत घरात कमी आणि गॅलरीत जास्त बसायला लागले. चिरूटही रोज ओढायला लागले, एक संपला की दुसरा, खालच्या थरातले कोवळे सुद्धा. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं शिस्तीने वाट बघणारा माणूस, आता घाई का करतो?

मी यांना म्हटलं, "अहो, वास मामंजींच्या बाजूने येतो."

हे तंबाखू मळत होते. "येणारच. चिरूट आहेत ते, अत्तर नाही."

"तो वास मला माहीत आहे. हा वेगळा आहे."

"मग पेटी खराब झाली असेल. बघ की तू, तुझंच खातं आहे ते." चिमूट गालात टाकून हे पाळीला गेले.

मला ते पटलं. नुकताच पावसाळा सरला होता. तांदळाची पुरचुंडी बदलायला मी उशीर केला होता का? एखादा चिरूट आतून सडला असेल आणि त्याने बाकीचेही नासले असतील. दुपारी मामंजी गॅलरीत होते. मी पेटी खाली घेतली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक चिरूट काढून ओळीने ठेवला. प्रत्येक कानाशी धरून फिरवला. प्रत्येक उजेडात बघितला. प्रत्येकाचा वास घेतला. एकालाही भोक नव्हतं. दोनतीन चिरुटांवर पांढरं होतं, ते बोटाने पुसलं, गेलं. रिकाम्या पेटीत डोकं घालून मी श्वास घेतला. आत लाकडाचा आणि तंबाखूचा गोड वास होता, स्वच्छ. इतकी चांगली ती पेटी कधीच नव्हती.

मी तशीच बसले होते, आणि वास आला. माझ्या मागून आला. मामंजी आत येऊन उभे होते.

"काय निघालं पेटीत?" त्यांनी विचारलं. फळीकडे बघून विचारायची सवय, पण पेटी फळीवर नव्हती. ती माझ्यासमोर होती. त्यामुळे त्यांना माझ्याकडे बघून विचारावं लागलं.

तेव्हा मला पंचा आठवला. आरशासमोर, आत घालून पुसायचं, बघायचं, परत पुसायचं. तुळस बाहेर होती. तिच्याशी बोलायला उठले असते तर ते शब्द दारापर्यंत पोचायच्या आधी गिळून टाकले असते, हे मला माहीत होतं.

"पेटीत काही नाही," मी म्हटलं. "माल चांगला आहे. वास पेटीतला नाही, मामंजी."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी बोललेला तो पहिला शब्द. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ते कॉटवर बसले. वर्तमानपत्रावरच्या चिरुटांच्या ओळीवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "पुसून बघितलं मी. पहिल्यांदा नुसतं पांढरं होतं. शेठचं फूल म्हटलं, जाईल. मीठ लावलं, मिश्री लावली. गेलं नाही."

"कधीपासून?"

"आता विचारून काय करणार?" त्यांनी हात हलवला. "आत गेलंय ते. हे बघ, दुकानात असला माल आम्ही कापत बसत नव्हतो. बाजूला काढायचो, संपलं. मला कापून घ्यायचं नाही. त्याला सांगू नको."

"त्याला" म्हणजे यांना. मी चिरूट परत पेटीत लावले, नवे खाली, जुने वर, कोपऱ्यात तांदळाच्या जागी खापर, आणि पेटी फळीवर ठेवली.

हे घरी आले तशी मी यांना जिन्यावरच गाठलं आणि सगळं सांगितलं. यांनी पहिलं विचारलं ते हे, "तू बोललीस? बाबांशी? तोंडावर?" त्यांना तेच खरं वाटेना. दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला.

मामंजींनी उडवून लावलं. "तिचं काय ऐकतोस. दाढ दुखते माझी." हे माझ्याकडे बघायला लागले. मामंजीही माझ्याकडे बघायला लागले, आणि ती नजर मला कळली. गप्प बस, अशी ती नजर होती. मी पदर दाताखाली धरला आणि म्हटलं, "तोंड उघडा म्हणावं त्यांना."

"उघडा हो बाबा, बघू," हे म्हणाले.

त्यांनी उघडलं. दोन बोटं आत जातील एवढंच उघडलं. त्यापुढे उघडेना. यांनी बॅटरी आणली, आत बघितलं आणि बॅटरी हातात तशीच पेटती ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मोठ्या हॉस्पिटलात नेलं. बाकांवर आमच्यासारखीच माणसं बसलेली, कोणाच्या गालाला फडकं, कोणाच्या गळ्याला. त्या सगळ्या जागेला आमच्या घरातला वास होता. तेव्हा मला कळलं, आमच्या खोलीत काय मेलं होतं ते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी टॉर्च लावला, बोटाने मानेवरची गाठ चाचपली आणि यांना म्हणाले, "आधी का नाही आणलंत?" यांनी खाली बघितलं. गाल आणि अर्धा जबडा काढावा लागेल, असं ते म्हणाले. काढला नाही तर? तर फार दिवस नाहीत. काढला तर? बघू या, म्हणाले.

यांनी सही केली. मामंजींना कोणी फारसं विचारलं नाही. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात त्यांच्या खाटेजवळ उभी होते. हे पलीकडे होते. मामंजी यांना म्हणाले, "हिला सांग, पेटी माळ्यावर टाक."

मी समोर उभी होते. हात पुढे केला असता तर लागला असता. तरी यांच्या तोंडून सांगितलं. मी ज्या रीतीने त्यांच्याशी इतकी वर्षं वागले, ती रीत त्यांनी त्या दिवशी माझ्यावर उलटवली. त्यांच्या तोंडचे मी ऐकलेले शब्द ते शेवटचे. दुसऱ्या दिवसापासून त्यांना जीभ होती, पण शब्द नव्हते.

घरी आणलं तेव्हा अर्धा चेहरा खाली उतरलेला होता. नाकात नळी. मी पेज गाळून, कोमट करून, नळीतून हळूहळू सोडायची. लाळ सतत गळायची, त्यासाठी जुन्या धोतराची फडकी करून ठेवली होती. आणि मी बोलायची. आता मला लाज वाटत नव्हती. "मामंजी, आज मुगाचं पाणी आहे. मामंजी, काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा कांदिवलीचा. मामंजी, नळी दुखते का?" मी जवळ गेले की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. हे आले की यांच्याकडे बघायचे. काकू आल्या की त्यांच्याकडे सुद्धा. माझ्याकडे नाही.

काकू एकदा गॅलरीत मला म्हणाल्या, हळू बोलायची त्यांना सवय नव्हती, "म्हाताऱ्याक सुखान मराक दिलास नाय गो तू. धूर सोडीत गेलो असतो बिचारो." आत ते ऐकत होते. मी फडकी पिळत राहिले. काकूंना काय सांगणार? तो धूर कशासाठी होता ते त्यांना माहीत नव्हतं. आणि सांगितलं नसतं तर ते बोलत बोलत गेले असते, हे मी स्वतःही नाकारू शकत नव्हते. नुसते पेटीशी, पण बोलत.

थंडी पडली आणि मानेवर परत गाठ आली. डॉक्टर आता काही कापायचं म्हणाले नाहीत.

एका दुपारी मी नळीने पाणी देत होते. मामंजींनी हात उचलला आणि वर माळ्याकडे दाखवलं. मला आधी कळलं नाही. गादी? नाही. ताट? नाही. मग कळलं. मी स्टुलावर चढून पेटी काढली. मधल्या सगळ्या महिन्यांत तिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. झाकणावर धूळ होती. उघडली, वरचा चिरूट काढला आणि सवयीने कानाजवळ फिरवला. कुरकुरला. मग तोच त्यांच्या कानाशी नेला, न कापलेल्या बाजूच्या, आणि फिरवला. वाळलेल्या पानावर पाय पडल्यासारखा आवाज आला. त्यांनी डोळे मिटले.

मग त्यांनी डावा हात वाटीसारखा धरला आणि उजव्याने त्यात काहीतरी बुडवल्यासारखं केलं. परत केलं. माझ्याकडे बघून.

मी खापर शोधलं. ते पेटीतच होतं, पांढरं पडलेलं. पाणी उकळलं, गार होऊ दिलं, ते होईपर्यंत मी कॉटपाशीच बसले. खापर भिजवलं, पुसलं, त्यांना दाखवलं. त्यांनी त्याला बोट लावून बघितलं, टपकत नाही ना म्हणून. मग मी ते कोपऱ्यात ठेवलं आणि झाकण लावलं. पेटी माळ्यावर न ठेवता जुन्या फळीवर ठेवली, त्यांना पडल्या पडल्या दिसेल अशी.

त्यांनी मला माफ केलं का, ते मला कळलं नाही. खापर भिजवायला सांगितलं, एवढंच मला माहीत आहे. सुकलेला चिरूट परत यायला महिने लागतात. हे त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि त्यांच्याकडे महिने नव्हते.

ते होळीच्या आधी गेले. तोपर्यंत चिरूट अजून कुरकुरतच होते. मी खापर भिजवत राहिले. कोणासाठी ते विचारू नये, हात सवयीने भिजवायचा. मे महिन्यात एकदा एक चिरूट कानाशी फिरवला तर तो गप्प. दाबला तर दबला आणि परत वर आला. वर बारीक पांढरं होतं. पुसलं. गेलं. मी तो हातात धरून दारात बसले. काकू बघून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

यांच्या कारखान्यातले एक साहेब चिरूट ओढायचे. यांनी सगळे चिरूट त्यांना नेऊन दिले. "फारच छान राखलेत म्हणाले, कोणी राखले विचारत होते," हे म्हणाले.

"काय सांगितलंत?"

"बाबांनी, म्हटलं."

असं म्हणून हे गॅलरीत गेले, खिशातली डबी काढली, चुना लावला, मळलं आणि चिमूट डाव्या गालात ठेवायला तोंड उघडलं. बापाला खांदा दिलेला, पण डबी सुटली नव्हती.

मी उठले. भांडी तशीच ठेवली.

"थांबा," मी म्हटलं. "तोंड धुऊन या आणि उजेडात उभे राहा."

"वेड लागलंय का तुला? पाळीला उशीर होतोय."

"उघडा."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, शेजारच्या दारातून दोघी बघायला लागल्या. हे चूळ भरून आले आणि कठड्याशी, आरशाजवळ, उन्हात उभे राहिले. तोंड उघडलं. मी गाल बोटाने बाजूला ताणला. आत, तंबाखू धरायच्या जागी, पांढरं होतं.

पदराचं टोक बोटाला गुंडाळून मी पुसलं. पदर बाहेर काढून बघितला. त्यावर चुना होता.

परत पुसलं. खालची कातडी खडबडीत होती, पण लाल होती. पांढरं गेलं होतं.

"झालं?" हे गाल चोळत म्हणाले.

"आजचं झालं," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात परत बघणार."

यांनी डबी खिशात टाकली आणि पाळीला गेले. डबी पुढेही बंद झाली नाही. मीही बघायचं बंद केलं नाही.